संगणकाच्या दप्तरातील पुरावा

प्रतिपक्षाच्या ताब्यातील दस्तऐवज उघड करवून घेण्याचा अधिकार आपल्या वकीलवर्गाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशामुळे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. परंतु ते दस्तऐवज संगणकात, मोबाइलमध्ये आणि दूरदेशीच्या सर्व्हरवर जन्मून तेथेच नांदू लागले, तेव्हा त्यांचा शोध, जतन, छाननी आणि हवाली हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले, आणि अमेरिकेत ते ‘ई-डिस्कव्हरी’ या नावाने रूढ झाले.

या शास्त्राची खरी घडण झाली ती न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात चाललेल्या लॉरा झुबुलेक यांच्या दाव्यात. यूबीएस वॉरबर्ग या पेढीत समभागांच्या विक्रीव्यवहारात असलेल्या या बाईंनी, स्त्री म्हणून आपणांस पक्षपाती वागणूक मिळाली अशी फिर्याद २००२ साली गुदरली. पेढीने सुमारे ३५० पृष्ठे हजर केली, त्यांत ई-मेलची जेमतेम १००. आणि वादीच्या स्वतःच्या संग्रही ई-मेलची सुमारे ४५० पृष्ठे होती! उरलेला पत्रव्यवहार बॅकअप टेपांवर पडून होता व तो वाचनीय करण्याचा खर्च मोठा असल्याची प्रतिवादीची तक्रार होती. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी केवळ तर्कावर न विसंबता, वादीने निवडलेल्या ५ टेपा आधी पेढीच्या खर्चाने उलगडाव्यात, असा हुकूम दिला. त्यांतून सुमारे ६०० संबद्ध ई-मेल निघाले, आणि मग उरलेल्या टेपांच्या खर्चाची वाटणी पेढीवर ७५ टक्के व वादीवर २५ टक्के अशी झाली. पुढे काही टेपा गहाळ झाल्याचे आणि काही ई-मेल पुसले गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा जुलै २००४ च्या निर्णयात न्यायाधीशांनी पेढीबरोबरच तिच्या वकिलांनाही दोष दिला. अशिलाला ‘काही नष्ट करू नका’ असे एकदा कळवून वकिलाची जबाबदारी संपत नाही. अशिलाच्या दप्तराची रचना समजून घेणे, मुख्य व्यक्तींशी प्रत्यक्ष बोलणे आणि त्या सूचनेची अंमलबजावणी पाहणे हेही वकिलाचेच कर्तव्य होय, असे त्यांनी बजावले, व नष्ट झालेला पुरावा पेढीच्या विरुद्ध होता असे अनुमान काढण्यास ज्यूरीला मुभा दिली. एप्रिल २००५ मध्ये ज्यूरीने सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर देवविले. मला हा निर्णय आजच्या प्रत्येक वकिलाने मुळातून वाचण्याजोगा वाटतो.

तंत्राच्या दोन गोष्टी मात्र वकिलाला स्वतः कळल्याच पाहिजेत. फाइलीसोबत तिचा कर्ता, निर्मितीची वेळ, शेवटच्या फेरफाराची तारीख अशी मेटाडेटा नामक माहिती वावरते, आणि निष्काळजीपणे केलेल्या नकलेनेही ती बदलू शकते; म्हणून कागदावरील छापील प्रत मूळ फाइलीची जागा घेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट हॅशची: फाइलीतील मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेला हा अंक एक अक्षर बदलताच संपूर्ण पालटतो, व नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही याचा तो बोटाच्या ठशासारखा दाखला देतो. लक्षावधी ई-मेलांच्या छाननीसाठी, अनुभवी वकिलाने काही नमुन्यांवर मारलेल्या ‘संबद्ध–असंबद्ध’ अशा शेऱ्यांवरून यंत्राने शिकावे, या पद्धतीलाही न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच मान्यता दिली.

आपल्याकडे असा पुरावा न्यायालयात ग्राह्य कसा ठरवावा, हा प्रश्न जालन्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तेथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले की काय, हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरायचे होते. पण तत्कालीन साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील, संगणकीय नोंदीबाबतचे प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या १४ जुलै २०२० च्या निर्णयात, मूळ उपकरणच हजर होत नसेल तेथे असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. मात्र ते मिळविण्याचा शक्य तो सारा प्रयत्न केलेल्या पक्षकाराला न्यायालयाने अंतर दिले नाही. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा व एक तज्ज्ञाचा, आणि दोहोंत हॅश नमूद करावा लागतो.

तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या मित्रांनाही माझी आग्रहाची विनंती आहे की, नवा दावा हाती घेताच, वकालतनाम्यावर सही होईल त्याच दिवशी, अशिलाला त्याचा मोबाइल, ई-मेल आणि हिशेबाचा संगणक जसाच्या तसा राखण्याची लेखी सूचना द्यावी.