लिव्हर बघून घेईल?

‘साधी पॅरासिटामॉलची गोळी. एखाददुसरी जास्त गेली तर लिव्हर बघून घेईल.’ शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही हे ऐकावं लागतं, तेव्हा संताप येतो. यकृत म्हणजे चहाची गाळणी नव्हे. तिथे औषधाचं रूप बदलतं, आणि कधीकधी मूळ औषधापेक्षा घातक पदार्थ तिथेच तयार होतो.

नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग निरुपद्रवी रूपात लघवीवाटे निघून जातो. साधारण ५ ते १० टक्के भागापासून मात्र एनएपीक्यूआय नावाचा अतिशय क्रियाशील पदार्थ बनतो. पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. मात्रा वाढली की हा पदार्थ जास्त बनतो आणि ग्लुटाथायोनचा साठा आटतो. मग उरलेला हा पदार्थ पेशीतल्या प्रथिनांना कायमचा चिकटतो. मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं अशी बिघडली की ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि पेशी मरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मिचेल, जोलो, ब्रॉडी आदींनी १९७३ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं: ग्लुटाथायोन बरंचसं संपल्यावरच औषध प्रथिनांना मोठ्या प्रमाणात चिकटू लागतं. म्हणजे यकृत ‘बघून घेतं’ ते साठा असेपर्यंतच.

याच समजाचं दुसरं टोक जास्त जीवघेणं: ‘दिवस उलटला, काही झालं नाही, सुटलो.’ पहिल्या दिवशी नुसती मळमळ असते, कधी तीही नसते. यकृताची हानी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळसाला पोहोचते. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतो, आणि पहिल्या आठ तासांत दिला तर तो सर्वांत प्रभावी ठरतो. जास्त गोळ्या पोटात गेल्याचं कळताच रुग्णालय गाठा. लक्षणांची वाट पाहू नका.

‘मी एकच गोळी घेतो.’ सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. प्रौढांची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, ती सगळी मिळून. रोज दारू पिणाऱ्यांसाठी, उपाशी किंवा यकृताचा आजार असलेल्यांसाठी ती त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढीच.

‘मग ही गोळी नकोच.’ हेही चूक. योग्य मात्रेत ती सुरक्षित आहे.

‘नैसर्गिक ते निर्धोक.’ बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन पूर्ण नैसर्गिक आहे, आणि यकृतात त्याचंही क्रियाशील रूप बनतं. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि अनेकांचे जीव गेले.

‘मात्रा योग्य असली की धोका शून्य.’ सगळ्या औषधांना हे लागू नाही. हॅलोथेन या भूल देण्याच्या औषधापासून बनलेला पदार्थ यकृताच्या प्रथिनांना चिकटला, की काही मोजक्या रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांनाच परकं समजून यकृतावर तुटून पडे. पुन्हा तीच भूल दिल्यावर हा धोका वाढे.