मधुमेह आणि रात्रीचे जेवण: उशिरा घरी येणाऱ्यांसाठी अर्ध्या तासात होणारे पाच घरगुती पर्याय

हिंजवडीहून किंवा चाकणहून निघून पिंपळे सौदागरला घरी पोहोचेपर्यंत अनेकांना रात्रीचे साडेआठ-नऊ वाजतात. कोकणे चौकात वाहतुकीत अडकलेले असतानाच मोबाइलवरून जेवण मागवले जाते. नाहीतर घरी आल्यावर पटकन होणारा डाळ-भात, सोबत पापड-लोणचे. मग सकाळी उपाशीपोटीची साखर १६० येते आणि घरचे विचारतात, "डॉक्टर, गोड तर बंद केले आहे, मग साखर वाढते कशी?"

सकाळची साखर वाढण्याची कारणे अनेक असतात. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असते, औषधाचा डोस अपुरा असू शकतो, झोप कमी झालेली असू शकते. पण रात्री उशिराचे, भात-पोळी जास्त आणि डाळ-भाजी कमी असलेले जेवण हेही नेहमी आढळणारे कारण आहे. गोळ्या वाढवण्याआधी ते तपासणे तुमच्या हातात आहे. त्यासाठी रुग्णाचा वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. पदार्थ तेच ठेवून त्यांचे प्रमाण बदलावे लागते.

रात्रीच्या जेवणाने साखर जास्त का वाढते?

संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी होते. तोच एक वाटी भात दुपारी खाल्ला तर साखर जितकी वाढते, त्यापेक्षा रात्री दहाला खाल्ल्यावर जास्त वाढू शकते. जेवून लगेच झोपल्यास जळजळ आणि आंबट ढेकरांचा त्रासही होतो.

दुसरे कारण आपल्या ताटात आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून, म्हणजे भात, गहू, साखर यांसारख्या पदार्थांतून येतात. प्रथिने मात्र कमी पडतात. याच पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

ताट कसे भरावे?

- अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. बटाटा यात धरू नका.
- पाव ताटात डाळ, उसळ, पिठले, अंडी, पनीर, मासे किंवा चिकन.
- उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात, यांपैकी एकच.

ज्वारीची भाकरी चांगली, पण तिने साखर वाढत नाही हा गैरसमज आहे. एका मध्यम भाकरीला साधारण दोन फुलक्यांइतके पीठ लागते. त्यामुळे दोन फुलक्यांऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर पीठ दुप्पट जाते. जेवताना आधी कोशिंबीर व उसळ आणि शेवटी भाकरी किंवा भात असा क्रम ठेवल्यास साखर हळू वाढते.

पाच सोपी जेवणे

१. डाळ जास्त, तांदूळ कमी अशी खिचडी. बहुतेक घरांत तांदूळ दोन वाट्या आणि डाळ एक वाटी असते. हे प्रमाण उलटे करा. दोन-तीन माणसांसाठी पाऊण वाटी मूगडाळ, अर्धी वाटी तांदूळ आणि दोन वाट्या चिरलेल्या भाज्या (गाजर, फरसबी, फ्लॉवर, दुधी) घ्या. दोन चमचे तेलात जिरे, हिंग, हळद, आले यांची फोडणी करा, पाच वाट्या पाणी घाला आणि कुकरच्या चार शिट्ट्या करा. सोबत काकडीची कोशिंबीर आणि बिनसाखरेचे ताक.

२. मटकीची उसळ आणि एक भाकरी. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री निथळून फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड तयार असतात. कांदा-टोमॅटोच्या फोडणीत झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटांत उसळ शिजते. वरून फरसाण घालू नका, कांदा-कोथिंबीर घाला.

३. पिठले. दहा मिनिटांत होते आणि बेसनातून प्रथिनेही मिळतात. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि लसूण-मिरची-कांद्याच्या फोडणीत ओता. मूठभर चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात घातली तर भाजीही पोटात जाते. सोबत भाकरी आणि मुळा किंवा काकडी. भाकरीनंतर पुन्हा पिठले-भात नको.

४. पालकाची डाळभाजी. कुकरमध्ये तूरडाळ किंवा हरभराडाळ आणि थोडे शेंगदाणे शिजवून घ्या. त्यात एक जुडी पालक घाला आणि लसणाची फोडणी द्या. ही पातळ भाजी मोठी वाटीभर घ्या, सोबत एक-दोन फुलके.

५. अंड्याची भुर्जी किंवा मुगाचे धिरडे. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. भुर्जीत कांदा, टोमॅटो, सिमला मिरची भरपूर घाला आणि पावाऐवजी फुलका घ्या. अंडी न खाणाऱ्यांनी भिजवलेले हिरवे मूग वाटून, त्यात किसलेला दुधी किंवा गाजर घालून धिरडी करावीत.

तेल आणि मीठ

तेलाचा हिशोब महिन्यावर ठेवा. माणशी अर्धा लिटर, म्हणजे चार जणांच्या घरात महिन्याला दोन लिटरच्या आसपास. मीठ दिवसभरात माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक लहान चमचा. यात पापड, लोणचे, फरसाण आणि बाहेरच्या जेवणातले मीठही आले.

दमलेल्या दिवसाची तयारी रविवारी

घरी आल्यावर भाज्या निवडायचा कंटाळा येतो आणि तिथेच बेत फसतो. रविवारी पालेभाजी निवडून कोरडी करून फ्रीजमध्ये ठेवा, मोड आलेली कडधान्ये डब्यात भरा, आले-लसूण वाटून ठेवा. हे काम घरातल्या एकाच व्यक्तीवर टाकू नका. जो आधी घरी येईल त्याने कुकर लावायचा, एवढा नियम केला तरी जेवण तासभर आधी होऊ शकते.

जेवायला उशीर होणार असेल तर

संध्याकाळी साडेसहा-सातला ऑफिसमध्येच मूठभर भाजलेले फुटाणे, एखादे फळ किंवा कपभर बिनसाखरेचे दूध घ्या. मग घरी आल्यावर भुकेपोटी जास्त जेवले जात नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. जेवणानंतर सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटे चालल्यानेही साखर कमी वाढते.

गोळ्यांबाबत मात्र काळजी घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर केला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. अशी गोळी रोजच्या वेळेला म्हणून गाडीतच घेऊन टाकू नका. ताट समोर येणार याची खात्री झाल्यावरच घ्या. रोजच उशीर होत असेल तर वेळ आणि डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घाम, थरथर, धडधड, अचानक खूप भूक किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर साखर तपासा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. साखर वर आल्यावर काहीतरी खा. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्यांसाठी

मध्यरात्री घरी येऊन पूर्ण जेवण करणे टाळा. मुख्य जेवण कँटीनमधील सुट्टीत, शक्यतो घरच्या डब्यातून घ्या. घरी आल्यावर भूक असेल तर वाटीभर मुगाचे कढण किंवा ताक आणि थोडे फुटाणे पुरतात. पाळी बदलली की औषधांच्या वेळाही बदलतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

- मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डाळी, पालक, टोमॅटो यांचे प्रमाण मोजून घ्यावे लागू शकते.
- कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते स्वतःहून सुरू करू नये.
- वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू किंवा कमी करू नयेत.
- गरोदर स्त्रिया आणि वारंवार साखर उतरणाऱ्या रुग्णांनी पोळी-भात स्वतःच्या मनाने कमी करू नये.

तुमच्या घरात काय चालते ते तपासा

घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. रात्री काय आणि किती वाजता खाल्ले, पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर किती आणि सकाळी उपाशीपोटी किती, एवढेच लिहा. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० पेक्षा कमी हे लक्ष्य असते. वयस्कर रुग्णांसाठी ते थोडे सैल ठेवले जाते. एक दिवस नेहमीची खिचडी आणि दुसऱ्या दिवशी जास्त डाळीची खिचडी, दोन्ही तेवढ्याच प्रमाणात खाऊन आकडे शेजारी लिहिले की फरक तुम्हालाच दिसेल.

पुढच्या तपासणीला ही वही सोबत आणा. गोळी वाढवायची, तिची वेळ बदलायची की फक्त जेवण तासभर आधी घ्यायचे, हे त्यावरून ठरवणे आम्हालाही सोपे जाते.