ऑफिसमध्ये परत आलात, पण ईमेल आयडीला भलतेच आकडे चिकटले? जुन्या नोंदींचा हा घोळ नेमका काय असतो

समजा, एका मुलीनं नोकरी सोडली आणि वर्षभरानं त्याच कंपनीत परत आली. आयटीवाल्यांनी जुनाच ईमेल आयडी द्यायचं ठरवलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगिन झालं, पण टीम्सवर तिचं खातं बघितलं तर नावापुढं चार अनोळखी आकडे आणि शेवटी कंपनीच्या नावाऐवजी 'ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम'. जुने मेल तर कुठंच दिसेनात.

हॅकिंग वगैरे काही झालेलं नसतं. तिच्या नावाच्या दोन नोंदी एकमेकींना धडकलेल्या असतात.

बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांचं मस्टर दोन ठिकाणी असतं. एक ऑफिसच्या सर्व्हरवर. त्याचं नाव अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, विंडोज 2000 सोबत आलेली ही जुनी यंत्रणा. दुसरं मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये. त्याला आधी अझुर एडी म्हणायचे, 2023 मध्ये त्याचं नाव एन्ट्रा आयडी झालं. ही दोन मस्टरं जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर मध्ये बसलेलं असतं आणि साधारण दर 30 मिनिटांनी इकडचे बदल तिकडं नेतं. यालाच सिंक म्हणतात.

आता हे सॉफ्टवेअर माणूस ओळखतं कसं? नावावरून नाही. सर्व्हरवर खातं उघडलं की त्याला एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो, त्यावरून ठरवलेली खूण क्लाउडमधल्या नोंदीवरही चिकटवली जाते. लग्नानंतर आडनाव बदललं, ईमेल बदलला तरी ही खूण तीच राहते, म्हणून मेलबॉक्स जागेवर राहतो.

परत आलेल्या मुलीचं गणित इथंच बिघडलं. ती गेली तेव्हा सर्व्हरवरचं खातं काढून टाकलं, पण क्लायंटचे मेल येत राहतील म्हणून क्लाउडमधला मेलबॉक्स तेवढा ठेवून दिला. असं सर्रास केलं जातं. त्या नोंदीवर जुनी खूण तशीच राहिली. आता नवं खातं नव्या खुणेसह आलं, ईमेल मात्र तोच. एका ईमेलचे दोन मालक चालत नाहीत. मग क्लाउड वादातला पत्ता बाजूला ठेवतं आणि नव्या खात्याला आकड्यांचा तात्पुरता आयडी देतं. तेच ते चार आकडे.

घाईत माणूस काय करतो? जुनं खातं डिलीट करतो. खरा घात इथं होतो, कारण मेलबॉक्स त्या 'जुन्या' खात्यालाच लटकलेला असतो. डिलीट केलेलं खातं 30 दिवस रिसायकल बिनमध्ये राहतं, तोवर परत आणता येतं. त्यानंतर ते कायमचं जातं.

खरं तर उडवायचं असतं ते नवं, रिकामं खातं. आधी सर्व्हरवरचं नवं खातं सिंकच्या बाहेर काढायचं. मग क्लाउडमधली आकडेवाली नोंद रिसायकल बिनमधूनही पुसायची, नाहीतर पुढच्या सिंकला ती पुन्हा जिवंत होते. मग जुन्या मेलबॉक्सवाल्या नोंदीवर नव्या खात्याची खूण लावायची आणि खातं पुन्हा सिंकमध्ये आणायचं. काम तासाभराचं, पण क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. क्लाउडमधल्या नोंदीवर खूणच नसेल, तर सॉफ्टवेअर ईमेल जुळतोय का बघतं आणि जुळला की दोन नोंदी एक करून टाकतं. गेलेल्या पाटलांचा आयडी त्याच नावाच्या नव्या पाटलांना दिला, तर यंत्राच्या लेखी माणूस एकच. जुन्या पाटलांचे मेल, फायली सगळं नव्याच्या हातात. गरज नसेल तेव्हा ही ईमेलवरची जुळणी बंद ठेवा, असं म्हणूनच मायक्रोसॉफ्ट सांगतं.

मग दोन्ही खाती राहू द्यावीत का? अमेरिकेत 2021 च्या मे महिन्यात कोलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी खंडणीखोर हॅकर्समुळं बंद पडली. प्रकरण सिंकचं नव्हतं, पण हॅकर्स आत शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. कंपनीनं 75 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 44 लाख डॉलर मोजले. मालक नसलेल्या खात्यात कोणी शिरलं तर तक्रार करायला कोणीच नसतं.

साफसफाईत हात घसरला तर आवर घालणारी एक सोयही सिंकमध्ये आहे. एका फेरीत 500 पेक्षा जास्त नोंदी डिलीट होणार असतील तर ते काम थांबवतं. हा आकडा बदलता येतो. एकट्यादुकट्या मेलबॉक्ससाठी मात्र ते थांबत नाही.