शोभिवंत माशांची निवड : हौसेइतकीच जबाबदारीची बाब

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि शाळांच्या सहलींबरोबर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी काचेआड पोहणारे मासे प्रथमच जवळून पाहिले. त्यातून अनेकांच्या मनात मासे पाळण्याची हौस निर्माण झाली. आज लहान गावांतील घरांत, शाळांच्या प्रयोगशाळांत आणि दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांतही काचेची टाकी दिसते. परंतु अशा टाक्यांपैकी पुष्कळ टाक्या काही आठवड्यांतच रिकाम्या होतात. मासे मरतात, मुले हिरमुसतात आणि टाकी अडगळीत जाऊन पडते. याचे कारण बहुधा निगेचा अभाव हे नसून निवडीतील चूक हे असते. आपले पाणी, आपली टाकी आणि आपली सवड यांचा विचार न करता केवळ रंग पाहून मासा आणला जातो.

आधी पाणी, मग मासा

माशाची निवड दुकानात नव्हे, तर घरच्या नळापाशी सुरू होते. दख्खनच्या पठारावर काळ्या पाषाणातून झिरपणारे विहिरीचे पाणी सामान्यतः जड, म्हणजे क्षारयुक्त असते. गप्पी, मोली, प्लॅटी व स्वोर्डटेल या पिलांना जन्म देणाऱ्या माशांना असे पाणी मानवते. याउलट ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रासारख्या माशांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. कोकणातील जांभ्याच्या प्रदेशात पाणी तुलनेने मऊ असल्याने तेथे असे मासे ठेवणे थोडे सोपे जाते. पठारावरील नवशिक्याने त्यांच्या वाटेला न जाणे बरे.

नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना अपायकारक असतो. त्यामुळे असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात किमान चोवीस तास उघडे ठेवून मगच वापरावे.

तापमानाचाही विचार आवश्यक आहे. बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भातील उन्हाळ्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणून उन्हाळ्यात टाकीत मासे कमी असावेत व हवेचा पंप चालू असावा. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये.

टाकीचे गणित

६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहते. लहान माशांसाठी एक ढोबळ नियम असा, की माशाच्या लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे दीड लिटर पाणी असावे. या हिशेबाने वरील टाकीत एकूण ३० सें.मी. लांबीचे मासे राहू शकतात. लांबी मोजावयाची ती दुकानातील पिलाची नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या माशाची. सुमारे चार सें.मी. वाढणारे सहा झेब्रा मासे घेतल्यास २४ सें.मी. होतात. उरलेली जागा भरून काढण्याचा मोह टाळावा. ही मोकळीकच अडचणीच्या वेळी माशांचा जीव वाचविते.

नव्या टाकीत एकदम मासे सोडणे हे सर्वाधिक मृत्यूंचे कारण होय. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरे सूक्ष्मजीव नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे सूक्ष्मजीव वाळूत व गाळणीत रुजण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक-दोन काटक मासेच ठेवावेत आणि खाद्य अत्यल्प द्यावे. पुढे दर आठवड्याला टाकीतील सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. संपूर्ण टाकी धुऊन काढल्यास हे उपयुक्त सूक्ष्मजीवही नष्ट होतात.

कोणते मासे घ्यावेत ?

झेब्रा मासा हा मूळचा भारतीय उपखंडातील असून काटक व चपळ आहे. तो थव्याने राहणारा असल्याने किमान सहा तरी एकत्र ठेवावेत. त्याची अंडी पारदर्शक असल्याने गर्भाची वाढ भिंगाखाली दिसते. म्हणून जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्याला मानाचे स्थान मिळाले आहे. शाळेसाठी याहून उत्तम मासा सापडणे कठीण आहे.

गप्पी व प्लॅटी हेही नवशिक्यास योग्य आहेत. मात्र गप्पीची मादी सुमारे महिन्याला एकदा पिले देते. त्यामुळे केवळ नर ठेवल्यास टाकीत गर्दी होत नाही. सियामी लढाऊ मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो. पण दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना जखमी करतात. तो एकटाच ठेवावा.

कोणते टाळावेत ?

गोल काचभांड्यातील सोनमासा हे चित्र मनोहर असले तरी त्या माशासाठी ती शिक्षाच होय. सोनमासा १५ ते २० सें.मी. पर्यंत वाढतो, पुष्कळ घाण करतो आणि त्याला थंड, प्राणवायूयुक्त पाणी लागते. ऑस्कर मासा ३० सें.मी. पर्यंत वाढतो व लहान सोबत्यांना गिळतो. एंजल मासा शांत दिसतो. परंतु मोठा झाल्यावर तोही बारीक मासे खातो. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील ‘सकर’ मासा हाताएवढा, प्रसंगी त्याहूनही मोठा होतो. काही ठिकाणी पारदर्शक माशांच्या अंगात रंग टोचून ते विकले जातात. असे मासे फार काळ जगत नाहीत. ते घेऊन या क्रूर प्रथेस उत्तेजन देऊ नये.

केरळ-कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या ओढ्यांत आढळणारा ‘मिस केरळ’ हा देखणा मासा अतोनात पकडीमुळे संकटग्रस्त झाला आहे. निसर्गातून पकडलेल्या माशांपेक्षा पैदास केंद्रात वाढविलेले मासे विचारून घेणे हे सुजाण ग्राहकाचे कर्तव्य आहे.

खरेदीच्या वेळी

निरोगी मासा पर पसरून पोहतो व खाद्याकडे झेपावतो. अंगावर पांढरे ठिपके असलेला, पर मिटून कोपऱ्यात बसलेला किंवा पृष्ठभागावर येऊन धापा टाकणारा मासा घेऊ नये. ज्या टाकीत एखादा मेलेला मासा दिसेल, तीतील दुसरा मासाही घेऊ नये. घरी आणल्यावर पिशवी टाकीच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी, थोडे थोडे टाकीचे पाणी तीत मिसळावे व मग केवळ मासा टाकीत सोडावा. शक्य असल्यास नवा मासा दोन आठवडे वेगळा ठेवावा. खाद्य दिवसातून एक-दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

नदीत सोडू नका

मासा मोठा झाला, पिले फार झाली किंवा बदली झाली की टाकीतील मासे जवळच्या ओढ्यात सोडण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यामागे भूतदया असते. परंतु परिणाम उलटा होतो. सकर मासा आज भारतातील अनेक जलाशयांत पसरला असून त्याच्या खवल्यांच्या कठीण कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. डासांच्या नियंत्रणासाठी १९२८ साली भारतात आणलेला गंबुसिया मासा स्थानिक माशांची अंडी व पिले खातो, असे आढळून आले आहे. गप्पी मासेही डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य विभागाच्या सल्ल्याने त्यांचा उपयोग केला जातो. तथापि तो हौद, कारंजी व टाक्या अशा बंदिस्त पाण्यापुरताच राहावा, नदी-ओढ्यांत होऊ नये, याकडे ग्रामपंचायतींनी लक्ष द्यावे.

नको असलेले मासे विक्रेत्यास परत द्यावेत अथवा दुसऱ्या शाळेस द्यावेत. टाकीतील वनस्पती व पाणीही ओढ्यात टाकू नये. ते पाणी बागेतील झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.

शाळेतील टाकी म्हणजे एक लहानसा जलाशयच होय. पाणी, सूक्ष्मजीव, वनस्पती व मासे परस्परांवर कसे अवलंबून असतात, याचा पाठ विद्यार्थ्यांना तेथे रोज मिळतो. सहा झेब्रा मासे वर्षभर सुखरूप राखणाऱ्या वर्गाला गावच्या नदीत सांडपाणी सोडल्याने काय होते, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.