गुजरातहून आलेल्या चक्रधर स्वामींनी मराठीच का निवडली?

महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी मूळचे मराठी मुलखातले नव्हते. तरीही मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' त्यांच्याच आठवणींचा आहे. हे कसं घडलं?

भडोच ते रिद्धपूर

पंथाच्या परंपरेनुसार चक्रधरांचं आधीचं नाव हरपाळदेव. भडोचच्या प्रधानांचे ते पुत्र. 13व्या शतकात रामटेकच्या यात्रेला निघालेल्या हरपाळदेवांना वाटेत रिद्धपूरला (आजचा अमरावती जिल्हा) गोविंदप्रभू भेटले आणि तेच त्यांचे गुरू झाले. त्यानंतर वैभव सोडून ते एकटे फिरले. सातपुड्यातल्या सालबर्डीच्या डोंगरातही राहिले. पुढे पैठण आणि गोदाकाठी त्यांच्याभोवती शिष्य जमले.

भाषेचा प्रश्न

त्या काळी धर्मज्ञान संस्कृतात होतं, म्हणजे स्त्रिया आणि बहुजनांपासून लांब. चक्रधरांनी लोकांच्या बोलीत निरूपण केलं, स्त्रियांनाही संन्यास दिला.

असं इतरत्रही घडलं होतं. थेस्सलोनिकीचे सिरिल आणि मेथोडियस हे बंधू 863च्या सुमारास मोराविया प्रांतात गेले, तेव्हा त्यांनी स्लाव्ह लोकांच्या भाषेत प्रार्थना आणली, तिच्यासाठी लिपीही तयार केली.

चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. विद्वान शिष्य केशोबास संस्कृतकडे झुकले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतामुळे पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, हे त्यांचं कारण होतं. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी फिरून, साक्षीदारांना विचारून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. त्यातून 1278च्या सुमारास रिद्धपूरला 'लीळाचरित्र' तयार झालं. 'ज्ञानेश्वरी' त्यानंतरची, 1290ची.

मग ग्रंथ दिसेनासे का झाले?

पुढे पंथाने आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत आलेलं ज्ञान बाहेरच्या वाचकासाठी कित्येक शतकं बंद राहिलं. 20व्या शतकात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे अशा अभ्यासकांमुळे ते उजेडात आलं. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' 1978मध्ये प्रसिद्ध झालं.

आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. मराठीत उच्च ज्ञान देता येईल का, हा प्रश्न तिथे आजही विचारला जाईल. नागदेवाचार्यांनी त्याचं उत्तर सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे.