अष्टावधानी यंत्र

शेगडीवर दूध, हातात पत्र, दारात पाहुणा. तिन्ही सांभाळणाऱ्यास आपण अष्टावधानी म्हणतो. दूध मात्र बहुधा उतू जातेच! संगणकाची अशीच ख्याती आहे, आणि ती पुष्कळशी फसवी आहे. १९६१ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था करून दाखविली. गणित करणारा भाग एकच. तो क्षणभर एकाचे काम करी, क्षणभर दुसऱ्याचे. प्रत्येकास वाटे, यंत्र आपलेच! आजच्या संगणकात असे भाग अनेक असतात, पण कामे त्यांहूनही अधिक. तेव्हा पाळी चुकत नाही. मात्र काम सोडताना आपण कोठवर आलो, हे यंत्र तंतोतंत टिपून ठेवते. त्या टिपण्यालाही वेळ लागतो, आणि पाळ्या फार झाल्या की कामापेक्षा अदलाबदलच जास्त होते. आम्ही तर टिपूनही ठेवीत नाही. बेरीज करताना कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्या आकड्यापासून आरंभ! सवयीची कामे जोडीने होतात; चालता चालता आपण गप्पा मारतो, पण रस्ता ओलांडताना आपोआप गप्प होतो. मोटार हाकीत फोनवर बोलणारा मात्र गप्प होत नाही. फोन हातात नसला, तरी त्याचे लक्ष वाटले गेलेले असते.