नाळेवरची 'एकवीरा'

ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या होडीवर 'एकवीरा' लिहायचं, तर सरळ चौकोनी जागा मिळत नाही. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, फळी निमुळती होत वर चढते, आणि नाखवांना नाव अगदी काठाला धरून हवं असतं. रंगवणारा रंगवतो, स्टेन्सिल मी कापून देते.

कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'एन्व्हलप' आहे. शब्दाभोवती चौकट येते, तिला कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर मिळून आठ नोड. नोड ओढला की चौकट वाकते, तिच्याबरोबर अक्षरंही. मी होडीच्या फोटोवर फळीचा आकार गिरवते आणि तोच चौकट म्हणून वापरते. इलस्ट्रेटरमध्ये आकार वर, शब्द खाली ठेवून दोन्ही निवडायचे आणि 'मेक विथ टॉप ऑब्जेक्ट' म्हणायचं. जुन्या चौकटीतल्या प्रत्येक बिंदूला नव्या आकारात जागा मिळते, एवढंच त्यातलं गणित. डार्सी थॉम्पसन या प्राणिशास्त्रज्ञानं १९१७ सालच्या पुस्तकात हे माशांवर करून दाखवलं होतं. एका काटेरी माशावर चौकटींची जाळी आखली, जाळी वाकवली, आणि सूर्यमाशाचा आकार निघाला!

इंग्रजी अक्षरं हा ताण निभावतात. आपली शिरोरेषा चुगली करते. 'वी'ची वेलांटी सगळ्यांत उंच, म्हणून चौकटीची वरची कड तिला चिकटते. शिरोरेषा खाली राहते, रुंद भागात जाड होते, टोकाकडे बारीक. म्हणून मी शिरोरेषा आधी काढून टाकते, फक्त अक्षरं वाकवते आणि शेवटी एकाच जाडीची रेघ त्यांच्या माथ्यावरून फिरवते. वेळ जातो, पण नाव हातानं लिहिल्यासारखं दिसतं.

होडीच्या दुसऱ्या बाजूला तेच स्टेन्सिल चालत नाही. डाव्या बाजूला नाळेकडे 'ए' येतो, उजव्या बाजूला 'रा'. उलटी करायची ती चौकट, अक्षरं नव्हे. दोन बाजू, दोन स्टेन्सिलं. पैसे सांगताना हे पुन्हा पुन्हा समजवावं लागतं.

"बाय, देवीचा फोटोपण तसाच बसव," असं कोणी म्हटलं की मात्र मी एन्व्हलप लावत नाही. कोरल २०१८ च्या आवृत्तीपासून फोटोही वाकवू देतं. पण अक्षर ओढलं तरी वाचता येतं. चेहरा ओढला की डोळे वरखाली होतात. तिथे पॉवरक्लिप: फोटो आकाराच्या आत ठेवायचा, बाहेरचं झाकलं जातं. मुकुटाचं टोक कापलं जातं कधीकधी. तेवढं नाखवा चालवून घेतात.